दशमीचा डबा आणि वैमानिकाचा दैनिक भत्ता

माझ्या बहिणीच्या घरात दोन पायलट आहेत. दाजी रेल्वेत लोको पायलट असून त्यांचे मुख्यालय पूर्णा जंक्शन आहे. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, मुंबईच्या तळावरून एका विमानकंपनीत सहवैमानिक म्हणून उड्डाणे करते. दोघांचीही प्राप्तिकराची विवरणपत्रे छत्रपती संभाजीनगरातील माझ्या छोट्याशा कार्यालयातून भरली जातात, आणि घरचेच काम असल्यामुळे ती नेहमी सर्वांच्या शेवटी हातात घेतली जातात. २०२५ मध्ये विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, तेव्हा तर ऑगस्ट संपत आला तरी दोघांच्या फायली कपाटातच होत्या. अशा वेळी भाचीचा फोन आला.

"मामा, माझ्याबरोबरच्या दोघांना हॉटेलातल्या जेवणाचे, टॅक्सीचे, गणवेशाचे, सगळ्याचे मिळून बरेच पैसे परत मिळाले. त्यांचा माणूस आलेल्या परताव्यातला हिस्सा घेतो, बाकी काही घेत नाही. आपण ही वजावट का दाखवत नाही?"

मी तिला एवढेच विचारले की, त्या माणसाने ही वजावट कोणत्या कलमाखाली दाखवली. ते तिला ठाऊक नव्हते, आणि बहुधा त्या दोघांनाही ठाऊक नसावे. त्या फोननंतर तिची वर्षभराची पगारपत्रके, रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) आणि बिले घेऊन मी चार रात्री बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्याकडील बरीच मुले आता या पेशात जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना पगारपत्रक वाचताना नेमका हाच गोंधळ होतो. येथे दिलेली कलमे व आकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील असून उदाहरणे २०२४-२५ या आर्थिक वर्षाची आहेत.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यापारी किंवा वकील आपल्या व्यवसायासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा करतो, तसा पगारदाराला करता येत नाही. पगारातून करावयाच्या वजावटी कलम १६ मध्ये दिल्या आहेत आणि त्या फक्त तीन आहेत. पहिली प्रमाणित वजावट, म्हणजे बिलांशिवाय सरसकट मिळणारी, जी नव्या करप्रणालीत (दर कमी, पण सवलती मोजक्या) ७५,००० आणि जुन्या प्रणालीत (सवलती अधिक, पण दर चढे) ५०,००० रुपये होती; या दोहोंपैकी एक प्रणाली करदाता निवडतो. दुसरी करमणूक भत्त्याची, जी केवळ सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आणि तीही जास्तीत जास्त ५,००० रुपयांची. तिसरी व्यवसाय कराची, जी महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत होते. शेवटच्या दोन्ही जुन्या प्रणालीतच मिळतात. गुवाहाटीच्या हॉटेलात जेवलेल्या थाळीला, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या हेडसेटला किंवा वैद्यकीय तपासणीच्या शुल्काला या तिन्हींत जागा नाही. कंपनीचा नोकर नसून कंत्राटावर व्यावसायिक शुल्क घेऊन विमान चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे उत्पन्न पगारात धरले जात नाही आणि त्याला कलम ३७ खाली पेशासाठी झालेला खर्च वजा करता येतो. भाची मात्र नोकरदार आहे, तिला दरमहा पगारपत्रक मिळते, त्यामुळे तो रस्ता तिच्यासाठी नाही.

भाचीच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी वैमानिकांचे काही व्हिडिओ पाहिले होते, ज्यांत जेवणखर्चाची वजावट कशी घ्यावी हे समजावून सांगितले होते. तेथे ती सवलत खरोखर होती. भरपाई न मिळालेला नोकरीसंबंधीचा खर्च, ठरावीक उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून जितका अधिक होई तितका, वजा करता येत असे. आणि इतरांना जेवणाचा ५० टक्के खर्च धरता येत असताना, कामाच्या तासांवर सरकारी बंधन असलेल्या वैमानिकांना व ट्रकचालकांना ८० टक्के धरता येई. परंतु नोकरदारांची ही वजावट २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून थांबवली गेली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची बंद झाली. म्हणजे जी सवलत त्यांच्या देशातच उरलेली नाही, ती आमची मंडळी अंधेरीत बसून शोधत होती.

मग आपल्याकडे वैमानिकाच्या हाती काहीच लागत नाही काय? लागते, पण ते खर्चाच्या नावाने लागत नाही, भत्त्याच्या नावाने लागते. कंपनीने एखादी रक्कम कोणत्या कारणासाठी दिली आहे, यावर सारे अवलंबून असते. खिशातून कितीही खर्च झाला, पण कंपनीने त्यासाठी भत्ता दिला नसेल, तर कायदा त्या खर्चाकडे ढुंकूनही पाहत नाही. भत्ता दिला असेल, तर कलम १०(१४) चे दार उघडते, आणि या दाराला दोन झडपा आहेत.

पहिली झडप प्रत्यक्ष खर्चाची. कामाच्या निमित्ताने होणारा खर्च भागवण्यासाठी दिलेला भत्ता जितका खरोखर खर्च झाला तितका करमुक्त असतो, आणि त्याला वरची मर्यादा नाही. असे भत्ते कोणते, हे नियम २बीबी मध्ये सांगितले आहे: दौऱ्यावरील किंवा बदलीच्या प्रवासाचा खर्च, नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर राहावे लागल्यामुळे होणारा रोजचा सर्वसाधारण खर्च, कामासाठी करावा लागणारा वाहनखर्च, मदतनिसाचा व गणवेशाचा खर्च, इत्यादी. दुसरी झडप ठोक रकमेची, जेथे बिले विचारली जात नाहीत. त्यात वाहतूक व्यवस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी खास तरतूद आहे. गाडी, जहाज किंवा विमान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याच्या कामावर असताना होणारा वैयक्तिक खर्च भागवण्यासाठी जो भत्ता मिळतो, त्याचा ७० टक्के भाग, परंतु महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, २०२४-२५ मध्ये करमुक्त धरला जाई. याला एक अट जोडलेली आहे आणि भाचीचे सारे प्रकरण त्या अटीवरच फिरले: त्या कर्मचाऱ्याला दैनिक भत्ता मिळत नसला पाहिजे.

ही दुसरी झडप मला दाजींमुळे तोंडपाठ आहे. रेल्वेच्या रनिंग स्टाफला, म्हणजे धावत्या गाडीवर काम करणाऱ्यांना, दर १०० किलोमीटरच्या हिशेबाने रनिंग भत्ता मिळतो. गाडीवरच्या ड्युटीसाठी वेगळा दैनिक भत्ता त्यांना नसतो, आणि म्हणूनच नियमाची अट त्यांच्या बाबतीत सरळ पुरी होते. पूर्णेच्या घरातून पेटी उचलायची, गाडी न्यायची, परगावच्या रनिंग रूममध्ये आठ तास पाठ टेकायची आणि परतीची गाडी घेऊन यायची, या चाकोरीत जे काही खाणेपिणे होते त्यासाठीच हा भत्ता आहे, असे कोणालाही पटेल. दाजींना एखाद्या महिन्यात २८,००० रुपये रनिंग भत्ता मिळाला, तर त्याचे ७० टक्के १९,६०० होतात, पण करमुक्त होतात फक्त १०,०००. उरलेले १८,००० करपात्र. ही मर्यादा आधी ६,००० रुपये होती, ती १ सप्टेंबर २००८ पासून १०,००० झाली आणि त्यानंतर महागाई वाढत गेली तरी आमच्या या फायलींपर्यंत जागची हलली नाही. भत्ता महिन्याला १४,२८६ रुपयांच्या पुढे गेला की ७० टक्के हा आकडा निव्वळ शोभेचा उरतो. रेल्वे कर्मचारी संघटना ही मर्यादा वाढवण्याची मागणी वर्षानुवर्षे करत होत्या, आणि दाजींचा पहिला प्रश्न दरवर्षी तोच असे, "काय हो, वाढले का ते दहा हजार?"

भाचीला वाटत होते की, वडिलांचा नियम तोच आपला नियम. दोघेही पायलट, दोघेही वाहतूक व्यवस्थेत. मग १०,००० रुपये दरमहा म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये करमुक्त, आणि ३० टक्क्यांचा दर व त्यावरील ४ टक्के उपकर धरला तर ३७,४४० रुपये वाचले. मीही आरंभी तसेच गृहीत धरले होते, हे कबूल केले पाहिजे. पुढे तिच्या पगारपत्रकातील ओळी नीट वाचल्या तेव्हा शंका येऊ लागली.

तिच्या पगारात मूळ वेतन व घरभाडे भत्ता यांखेरीज दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. एक 'फ्लाइंग अलाउन्स', जो उड्डाणाच्या तासांवर मिळतो. दुसरा 'लेओव्हर अलाउन्स', जो परगावी मुक्काम पडला की मिळतो. नाव अलाउन्स असले तरी तासावर मिळणारी रक्कम ही वैयक्तिक खर्च भागवण्यासाठी आहे की अधिक कामाचा अधिक मोबदला आहे, हा पहिला प्रश्न. काही जण तिच्यावर सर्रास ७० टक्क्यांची सूट घेतात. माझ्या मते ते उभे राहील की नाही, हे कंपनीच्या नेमणूकपत्रातील शब्दांवर ठरते. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता. लेओव्हर अलाउन्सविषयी तिच्या कंपनीच्या धोरणपत्रात स्वच्छ लिहिले होते की, ही रक्कम तळापासून दूर मुक्कामी असताना जेवण व किरकोळ खर्चासाठी प्रतिदिन दिली जाते. याला दैनिक भत्ता म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? आणि तो मिळतो म्हटल्यावर ७० टक्क्यांची झडप तिच्यासाठी मिटली. वडिलांचा नियम लेकीला लागू होत नाही, कारण वडिलांना जे मिळत नाही ते तिला मिळते.

याचा पैशांत काय परिणाम होतो, तो पाहू. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत. समजा तिचे एकूण वेतन २४,००,००० रुपये. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह कर ४,०३,००० रुपये होतो. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, कलम ८०सी चे (ठरावीक गुंतवणूक व बचतीचे) १,५०,०००, आरोग्य विम्याचे २५,०००, अंधेरीतील भाड्याच्या सदनिकेमुळे घरभाडे भत्त्यातील करमुक्त २,४०,००० आणि वडिलांच्या नियमाचे १,२०,००० असे सारे वजा केले, तर कर ३,७०,५०० येतो. हाच तो मोह. पण त्यातून १,२०,००० काढून टाकले, तर जुन्या प्रणालीचा कर ४,०७,९४० होतो आणि नवी प्रणाली थोडक्यात पुढे जाते. म्हणजे दोन्ही प्रणालींच्या तराजूत शेवटचे वजन नेमके त्या दहा हजारांचेच होते.

आता पहिली झडप. नव्या प्रणालीत बहुतेक सवलती गेल्या, गणवेश भत्त्याची सूट गेली, ७० टक्क्यांची सूटही गेली. परंतु दौऱ्याचा प्रवास, तळापासून दूर असतानाचा दैनिक खर्च आणि कामासाठीचा वाहनखर्च हे तीन भत्ते जून २०२० च्या अधिसूचनेने वाचले आहेत. नवी प्रणाली घेतली म्हणजे सगळेच गमावले असे समजून अनेक वैमानिक याकडे पाहतही नाहीत, आणि त्यांच्या कंपन्याही फॉर्म १६ मध्ये (पगार व कापलेल्या कराच्या वार्षिक दाखल्यात) संपूर्ण लेओव्हर भत्ता करपात्र दाखवून मोकळ्या होतात. भाचीच्या बाबतीत तेच झाले होते.

तेव्हा प्रश्न उरला प्रत्यक्ष खर्चाचा. वर्षभरात तिला लेओव्हर भत्ता मिळाला होता १,८०,००० रुपये. तिच्याकडे बिले होती एका प्लास्टिकच्या पिशवीत, काही फोनमध्ये, आणि काहींचा पत्ता फक्त बँकेच्या खातेउताऱ्यात. मी तिचे रोस्टर छापून घेतले आणि प्रत्येक मुक्कामाच्या तारखेपुढे त्या गावचे बिल लावत गेलो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातूनच खरे चित्र दिसते. बंगळूरचे एक घसघशीत बिल ज्या तारखेचे निघाले, त्या दिवशी ती रजेवर, परभणीला चुलत भावाच्या लग्नात होती. ते बिल एका मैत्रिणीच्या वाढदिवसाचे होते आणि तिने ऑनलाइन पैसे भरले होते. ते काढून टाकले. कोचीचे एक बिल दोघांच्या जेवणाचे होते. त्यातील अर्धे धरले. सौंदर्यप्रसाधनांचे बिल तिने मोठ्या आशेने 'किरकोळ खर्च' म्हणून पुढे केले होते. तेही बाजूला ठेवले. अखेरीस हिशेब टिकला तो ६१,४०० रुपयांचा.

एवढा कमी खर्च कसा, असे मी विचारले, तेव्हा उत्तर माझ्या बहिणीने दिले. मुलगी ड्युटीवर निघाली की तिच्या बॅगेत दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बाटली असते. दशमी तीन दिवस सहज टिकते. दाजींच्या पेटीतही वर्षानुवर्षे तीच असते. हॉटेलचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी कंपनी परस्पर देते, दुपारी विमानात जेवण मिळते, आणि रात्री ही पोरगी पंचतारांकित खोलीत दशमी खाते. भत्ता पूर्ण मिळतो, खर्च तिसरा हिस्सा होतो, आणि न खर्चलेले १,१८,६०० रुपये कायद्याने करपात्र ठरतात. काटकसरीवर कर बसतो, उधळपट्टी करमुक्त राहते, हे ऐकून बहीण माझ्यावरच रागावली, जणू काही नियम मीच केला होता. "मग उद्यापासून दशम्या बंद करू का?" असे तिने विचारले. मी तिला समजावले की, दशमी खाऊन वाचवलेल्या शंभर रुपयांतले ३१ रुपये सरकार नेते आणि ६९ घरात राहतात. शंभर रुपयांचे जेवण केले तर कर शून्य, पण घरात राहणारेही शून्य. हे तिला पटले.

विमानातील जेवणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कामाच्या वेळेत कंपनीने दिलेले जेवण त्या वर्षीच्या नियमांनुसार दर जेवणाला ५० रुपयांपर्यंत करमुक्त होते आणि चहा-अल्पोपाहाराचे मूल्य मुळीच धरले जात नसे. चिकलठाणा विमानतळावर ५० रुपयांत जेवण मिळते असे मानणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालीन, परंतु त्या नियमातील आकडा तोच होता. बऱ्याच विमानकंपन्यांत दोन्ही वैमानिकांना वेगवेगळे जेवण देण्याची पद्धत आहे, म्हणजे एकाला अन्न बाधले तरी दुसरा सावध राहतो. दोघांची थाळी वेगळी असली तरी कराच्या दृष्टीने दोन्हींची किंमत सारखीच मोजली जाते.

प्रवासाच्या बाबतीत वैमानिक बरा सुटतो. पहाटे तीनला दाराशी येणारी कंपनीची टॅक्सी हा करपात्र लाभ नाही, कारण घरापासून कामाच्या जागेपर्यंत मालकाने पुरवलेले वाहन कायद्याने लाभात धरलेले नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला पूर्वी महिन्याला १,६०० रुपयांचा वाहतूक भत्ता करमुक्त मिळे. २०१८ च्या अर्थसंकल्पाने तो काढून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली, त्यामुळे आता स्वतःच्या पेट्रोलच्या पावत्या जपण्यात अर्थ नाही. सुटीत घरी येण्यासाठी भाचीला मिळणारे सवलतीचे तिकीटही करपात्र नाही. प्रवासी वाहतूक करणाऱ्या मालकाने नोकराला फुकट किंवा स्वस्तात दिलेला खासगी प्रवास एरवी लाभ म्हणून मोजला जातो, पण नियम ३ मध्ये विमानकंपनी व रेल्वेचे कर्मचारी यांना यातून वगळले आहे. आमच्या बहिणीच्या घरातील दोघेही त्या अपवादात बसतात. त्या ओळीत एसटीचे नाव नाही, हे मात्र मला दरवेळी खटकते.

भाचीचा शेवटचा हिशेब असा झाला. नव्या प्रणालीत ६१,४०० रुपये कलम १०(१४) च्या पहिल्या भागाखाली करमुक्त दाखवले, तेव्हा कर सुमारे ३,८३,८४० रुपये आला. जुन्या प्रणालीत घरभाडे व इतर सर्व वजावटींसह हेच ६१,४०० धरले, तर तो सुमारे ३,८८,७८० येत होता. पाच हजारांच्या आत का होईना, नवी प्रणाली स्वस्त पडली. वडिलांच्या नियमाने जे ३,७०,५०० दिसत होते, त्यापेक्षा ही रक्कम साडेतेरा हजारांच्या आसपास अधिक आहे, आणि तेवढे पैसे सोडायला ती चटकन तयार झाली असे मी म्हणणार नाही.

ती तयार झाली ती त्या हिस्सेवाल्या माणसाच्या कारभारामुळे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने खोट्या वजावटी व सवलती दाखवणाऱ्यांविरुद्ध देशभर पडताळणी मोहीम सुरू केली आणि परताव्यात हिस्सा घेणारे मध्यस्थही त्या मोहिमेच्या नजरेत होते. त्या दोघा सहकाऱ्यांपैकी एकाची विवरणपत्राची प्रत भाचीने मला दाखवली. त्यात न भरलेले शैक्षणिक कर्जाचे व्याज होते, न दिलेली राजकीय देणगी होती. जेवण, टॅक्सी आणि गणवेश यांचा तर कोठे उल्लेखही नव्हता. परतावा जेवणाचा आहे असे त्याला सांगितले होते, आणि कागदावर देणगी लिहिली होती. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले, तर कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो आणि तो मध्यस्थाला नव्हे, करदात्याला होतो. भाचीने ती प्रत दोनदा वाचली आणि त्या सहकाऱ्याला सुधारित विवरणपत्र भरण्याविषयी विचारायला माझा क्रमांक दिला.

फॉर्म १६ मध्ये शून्य असताना विवरणपत्रात ६१,४०० करमुक्त दाखवले, म्हणजे उद्या विचारणा होऊ शकते, हे मी तिला आधीच सांगून ठेवले. त्यासाठी कंपनीच्या धोरणपत्राची प्रत, बारा महिन्यांचे रोस्टर, तारखेनुसार लावलेली बिले आणि खातेउतारा अशी एक फाइल तयार केली; विवरणपत्राला बिले जोडायची नसतात, ती विचारल्यावर दाखवायची असतात. कंपनीच्या वेतन विभागालाही तिने पत्र लिहिले की, यापुढे मुक्कामाची बिले दरमहा घेऊन तेवढा भत्ता फॉर्म १६ मध्येच करमुक्त दाखवावा. उत्तर यायला दोन महिने लागले. त्यात 'विचाराधीन आहे' एवढेच होते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे, आकारणी वर्ष हा शब्द जाऊन कर वर्ष हा शब्द आला आहे आणि कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. त्यामुळे पुढील वर्षांसाठी येथील क्रमांक किंवा मर्यादा जशाच्या तशा उचलू नयेत, नव्या नियमांतील आकडे पाहूनच हिशेब करावा. भाची आता प्रत्येक मुक्कामाचे बिल त्याच रात्री फोनवर माझ्याकडे पाठवते. परवा रात्री साडेअकराला भुवनेश्वरहून एक आले: दही, एक वाटी, ६० रुपये. दशमीबरोबर खायला.